व्हीआरमधला हात ‘माझा’ वाटावा म्हणून: स्पर्श कधी, कुठे आणि किती द्यायचा

हातमोजा आणला, बोटांवर मोटरी बसवल्या, कंपनाची ताकद पूर्ण वाढवली, आणि व्हीआरचा (आभासी वास्तवाचा) हेडसेट घातलेला माणूस म्हणतो, “भारी दिसतोय हात.” ‘माझा हात’ असं मात्र तो म्हणत नाही. मग मोटर कमी पडली असं समजून आणखी जोरकस मोटर येते आणि गाडी तिथेच अडते. दोष सहसा मोटरीत नसतो, कामाच्या क्रमात असतो.

आभासी हात आपला वाटायचा तर तीन गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात: डोळ्यांना हात कुठे दिसतो, सांध्यांना आणि स्नायूंना तो कुठे जाणवतो, आणि त्वचेला स्पर्श कधी व कुठे होतो. पहिल्या दोन जुळलेल्या असतील तर तिसरी ती जाणीव पक्की करते. त्या जुळलेल्या नसतील तर नेमका स्पर्शच घोटाळा उघडा पाडतो. म्हणून खालच्या क्रमात मोटरी बऱ्याच उशिरा येतात.

हा लेख बसून, एका हातावर करायच्या मांडणीपुरता आहे. हे जमल्याशिवाय पूर्ण शरीराच्या नादी लागू नका.

## सुरुवातीची जमवाजमव

हात ओळखणारा हेडसेट आणि एक खरं टेबल हवं. टेबलाला पर्याय नाही. का ते पुढे येईल. मऊ केसांचा चित्रकलेचा ब्रश, मनगटावर किंवा ब्रशवर बसवता येईल असा (जागा आणि हालचाल टिपणारा) ट्रॅकर, दोन-तीन प्रकारच्या छोट्या कंपन-मोटरी आणि स्लो मोशन चित्रण करणारा फोन घ्या. एक फोटोडायोड (उजेड पडला की विजेचा संकेत देणारा) आणि एक पिएझो चकती (थरथर झाली की संकेत देणारी) लागेल. उशीर मोजायला या दोन स्वस्त वस्तूंसारखं दुसरं काही नाही. मदतीला दुसरा माणूस हवाच. हेडसेट स्वतः घालून, स्वतःच ब्रश फिरवून काढलेले निष्कर्ष कुणालाही दाखवू नका. स्वतःच्या हातानं केलेला स्पर्श मेंदूला आधीच अपेक्षित असतो, त्यामुळे तो फिका लागतो.

## टप्पा १: काय मोजणार ते आधी ठरवा

‘हात आपला वाटतो का’ या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. हा हात माझ्या शरीराचा आहे का, हा आपलेपणाचा प्रश्न. तो माझ्या इच्छेनं हलतो का, हा ताब्याचा. आणि माझा हात जिथे दिसतो तिथेच आहे का, हा जागेचा. एक असताना दुसरं नसू शकतं. कंट्रोलरनं हलणाऱ्या यंत्राच्या पंजावर तुमचा पूर्ण ताबा असतो, पण तो तुमच्या शरीराचा भाग वाटेलच असं नाही. उलट, खरा हात आडोशाला ठेवून त्याच्यावर आणि टेबलावर निपचित ठेवलेल्या रबरी हातावर एकाच वेळी ब्रश फिरवला, तर तो रबरी हात फक्त त्या स्पर्शानं आपला वाटू शकतो. मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन या संशोधकांनी १९९८ मध्ये हेच दाखवलं होतं.

जागेचा प्रश्न मोजणार असाल तर एक निर्णय आत्ताच घ्यावा लागतो, आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. आभासी हात खऱ्या हातावर तंतोतंत बसवला तर सहभागी आपला हात ‘सरकलेला’ दाखवणार तरी कुठे? सरकायला जागाच उरत नाही. जाणिवेतलं हे सरकणं मोजायचं असेल तर आभासी हात मुद्दाम १० ते १५ सेंटिमीटर छातीच्या मध्याकडे ठेवा. फार दूर नेऊ नका. डोना लॉइड यांच्या २००७ च्या अभ्यासात रबरी हात खऱ्या हातापासून सुमारे २७ सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर भास झपाट्यानं ओसरला होता.

मोजमाप नको, फक्त चांगला अनुभव द्यायचा असेल तर हात तंतोतंत जागेवर ठेवा आणि पुढे चला.

## टप्पा २: टेबल आणि हात जागेवर आणा

१. हेडसेट नीट बसवून दोन भिंगांमधलं अंतर त्या व्यक्तीच्या डोळ्यांनुसार लावा. हे चुकलं की हात जवळ-लांब किंवा लहान-मोठा दिसू लागतो आणि पुढची सगळी मापं घसरतात. प्रत्येक नव्या व्यक्तीसाठी हे पुन्हा करायचं.

२. खऱ्या टेबलाचे तीन कोपरे कंट्रोलरच्या टोकानं टिपून आभासी टेबल त्याच उंचीवर आणा.

३. सहभागीला तळवा टेबलावर टेकवायला सांगा. आभासी तळवा त्याच क्षणी आभासी टेबलाला टेकला पाहिजे.

४. कोपर, मनगट आणि बोटं ज्या दिशेला आहेत त्याच दिशेला आभासी हात वळवा. मॅनोस त्साकिरिस आणि पॅट्रिक हॅगार्ड यांच्या २००५ च्या प्रयोगात रबरी हात काटकोनात वळवल्यावर, ब्रश अगदी वेळेवर फिरत असूनही, परिणाम दिसला नाही.

टेबलाचा आग्रह यासाठी की तळव्याखालचा घट्टपणा, गारवा आणि कडा हा सगळा स्पर्श फुकटात आणि शून्य उशिरानं मिळतो. इतका चांगला स्पर्श देणारी मोटर माझ्या पाहण्यात नाही.

तपासणी: सहभागीला डोळे मिटून तर्जनी टेबलाच्या कडेवर ठेवायला सांगा, मग डोळे उघडू द्या. आभासी बोट कडेपासून एक सेंटिमीटरहून जास्त हुकलेलं दिसलं तर पायरी १ वर परत जा. हात मुद्दाम सरकवणार असाल तर ही तपासणी सरकवण्याआधी उरकून घ्या.

## टप्पा ३: हाताचं रूप

इथे लोक आठवडे घालवतात, पण एवढा वेळ लागत नाही. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि मॉडेल त्या मापाचं करा. त्वचेचा रंग आणि बाही ढोबळमानानं जुळवा. रोमछिद्रं दाखवायची गरज नाही. पाच बोटं असलेला, हातासारखा दिसणारा हात पुरतो.

हात कोपराशी किंवा मनगटाशी तुटलेला दिसता कामा नये. हवेत तरंगणारा पंजा खेळात चालून जातो, इथे नाही. बाही थेट खांद्याकडे जाताना दिसू द्या. आणि दृश्य नेहमी सहभागीच्या स्वतःच्या डोळ्यांतूनच ठेवा. समोरून किंवा बाजूनं शरीर दाखवलं तर तोच स्पर्श बराच दुबळा पडतो.

## टप्पा ४: उशीर मोजा, अंदाज बांधू नका

बहुतेक मांडण्या इथे फसतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘स्पर्श झाला’ आणि ‘मोटर चालू’ या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी घडतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चित्र पडद्यावर जायला काही फ्रेम लागतात. ९० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक फ्रेम म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद, ७२ हर्ट्‌झवर जवळपास १४. मोटरीकडे जाणारा आदेश बिनतारी असेल तर त्याचा वेळ वेगळा. आणि मोटर वेग घेईपर्यंतचा वेळ आणखी वेगळा.

दोन मोजमापं करा.

हालचाल ते चित्र: फोन हेडसेटच्या भिंगाजवळ असा धरा की भिंगातला आभासी हात आणि बाहेरचा खरा हात एकाच चौकटीत येतील. २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर हात झटक्यानं हलवा. खरा हात हलला त्या फ्रेमपासून आभासी हात हलला तोपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंदांची.

चित्र ते स्पर्श: स्पर्शाच्या क्षणी पडद्याचा एक कोपरा काळ्याचा पांढरा होईल असं करा. त्या कोपऱ्यावर फोटोडायोड आणि मोटरीच्या पाठीवर पिएझो चकती चिकटवा. दोन्हींच्या तारा संगणकाच्या स्टिरिओ लाइन-इनमध्ये घाला, एक डावीकडे, एक उजवीकडे. ध्वनिमुद्रण उघडलं की डाव्या पट्टीवर प्रकाशाची खडी उडी दिसते आणि उजव्या पट्टीवर कंपनाची हळूहळू फुगणारी लहर. त्या दोघींतलं अंतर म्हणजे तुमचा खरा उशीर. असं तीस-चाळीस वेळा मोजा आणि सरासरीबरोबर चढउतारही लिहून ठेवा.

मोटरीला समांतर एलईडी लावून त्याचं चित्रण करण्याची युक्ती बरेच जण वापरतात. त्यातून वीज कधी पोचली ते कळतं, मोटर कधी थरथरली ते नाही. फिरत्या वजनाच्या मोटरीत हा फरक दहा-वीस मिलिसेकंदांचा किंवा जास्तही असू शकतो.

किती उशीर चालतो? सोतारो शिमादा आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात दिसणं आणि लागणं यांत ३०० मिलिसेकंदांपर्यंत अंतर असलं तरी रबरी हाताचा भास टिकला, त्यापुढे ढेपाळला. पण ३०० ही मुभा समजू नका. तो ब्रशचा संथ स्पर्श होता आणि हात स्थिर होता. सहभागी स्वतः बोट पुढे नेऊन बटण दाबणार असेल तर मी ५० च्या वर जाऊ देत नाही.

सावध: कायम ८० मिलिसेकंद उशीर परवडला, कधी २० कधी १४० असा नको. स्थिर उशीर भरून काढता येतो. आभासी ब्रशचा मार्ग तुम्हीच ठरवलेला असल्यामुळे मोटरीला तेवढं आधी चालू करता येतं. बदलता उशीर असा भरून निघत नाही. तेव्हा बिनतारी जोडणी सोडून तार लावा.

## टप्पा ५: आधी हालचाल, मग स्पर्श

सहभागीला एक-दोन मिनिटं नुसता हात हलवू द्या. मूठ उघड-मीट, मनगट फिरवणं, एकेक बोट अंगठ्याला लावणं. मारिया सांचेझ-व्हिवेस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की स्पर्श अजिबात नसताना, फक्त खऱ्या हालचालीशी जुळणाऱ्या आभासी हालचालीनंही आपलेपणा येतो. अंगठा-बोट जुळवण्यात तर स्वतःच्या त्वचेचा स्पर्श आपोआप मिळतो, आणि तो उशिराशिवाय.

प्रयोगात फक्त स्पर्शाचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर मात्र हा टप्पा गाळा, नाहीतर भास हालचालीमुळे आला की ब्रशमुळे हे सांगता येणार नाही.

तपासणी: या टप्प्यावर आभासी बोटं थरथरत असतील, उड्या मारत असतील तर पुढे जाऊ नका. थरथरणाऱ्या हातावर केलेला अचूक स्पर्शही चुकीचाच लागतो.

## टप्पा ६: स्पर्शाचं साधन निवडा आणि बसवा

पहिली पसंती खऱ्या ब्रशला. ब्रशच्या दांड्यावर ट्रॅकर बसवा, आभासी ब्रश त्याच्याशी जोडा आणि दुसऱ्या माणसाला खऱ्या हातावर तो फिरवू द्या. केसांचा मऊपणा, दाब आणि दिशा खरीच असते; उशीर फक्त चित्राचा राहतो. खर्च जवळपास नाही. आभासी हात मुद्दाम सरकवलेला असेल तर आभासी ब्रशही तेवढाच सरकवा. हे विसरणारे कमी नाहीत.

यात एक अडचण हमखास येते. कॅमेऱ्यानं हात ओळखणाऱ्या हेडसेटला दुसऱ्या माणसाचा हात दिसला की ट्रॅकिंग गोंधळतं आणि आभासी हात कधी कधी उडी मारून ब्रश धरणाऱ्याच्या हाताकडे जातो. टेबलावर सपाट पडलेली बोटंही ओळखायला अवघड असतात. म्हणून हात टेबलावर स्थिरावला की आभासी हात तिथेच गोठवा आणि सहभागीला बोटं न हलवण्याची सूचना द्या.

स्वयंचलित मांडणीसाठी मोटरी लागतात. त्यांचे प्रकार असे:

फिरत्या वजनाची मोटर स्वस्त असते, पण वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लावते. शिवाय तिची ताकद आणि कंपनसंख्या एकमेकींना बांधलेल्या असतात. हलकं कंपन हवं म्हणून वीज कमी केली की कंपन संथही होतं. सुरुवातीला क्षणभर जास्त विद्युतदाब देऊन आणि शेवटी उलटी वीज देऊन तिला थोडं चपळ करता येतं.

सरळ रेषेत डोलणारी मोटर जास्त वक्तशीर, पण आपल्या ठरावीक कंपनसंख्येवरच नीट चालते. तिला भलत्याच कंपनसंख्येवर चालवून ‘लागतच नाही’ अशी तक्रार करू नका.

व्हॉइस कॉइल (स्पीकरमध्ये असते तशी चुंबकाजवळ हलणारी तारेची गुंडाळी) आणि पिएझो सर्वांत चपळ, हवी ती लहर देणारी. त्यांना स्वतंत्र अॅम्प्लिफायर लागतो.

आता त्वचेकडे. आपल्याला कंपन सर्वांत चांगलं कळतं ते सुमारे २५० हर्ट्‌झच्या आसपास, पण ते त्वचेतल्या ज्या संवेदनाग्राहकांमुळे कळतं ते खोलवर असतात आणि त्यांचं क्षेत्र मोठं असतं. म्हणजे जोरदार कंपन नेमकं कुठे झालं हे नीट सांगता येत नाही; ते हाडातून आणि हातमोज्याच्या कापडातून पसरतं. ताकद वाढवल्यानं स्पर्श खरा का वाटत नाही, याचं एक मोठं कारण हेच. स्पर्श जाणवेल इतपत, त्याच्या जरा वरच ठेवा आणि छोटे ठोके द्या. सलग कंपनाला त्वचा लवकर सरावते, मग हात नुसता झिणझिणतो.

जागेचा बारकावा शरीरावर सगळीकडे सारखा नसतो. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे कळतात. पुढच्या हातावर (कोपर ते मनगट) तेच अंतर चार सेंटिमीटरच्या घरात असतं. बोटांवर मोटर अगदी मोजून बसवा, पुढच्या हातावर तीन मोटरी चार-पाच सेंटिमीटरवर एका ओळीत पुरतात. आधीची बंद होण्यापूर्वी पुढची सुरू केली की वेगवेगळ्या ठोक्यांऐवजी एक सरकता स्पर्श वाटतो. दोघींमधला वेळ थोडा-थोडा बदलून पाहा. जमला की कळतोच.

तपासणी: चित्र बंद ठेवून प्रत्येक मोटर एकेकदा चालवा आणि सहभागीला बोट कोणतं ते सांगायला लावा. तर्जनीवर दिसतं आणि मधल्या बोटावर लागतं, अशी एक चूक आतापर्यंतची मेहनत पाण्यात घालते. तारा उलटसुलट जोडल्या जाणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

## टप्पा ७: प्रत्यक्ष स्पर्श

दोन ते तीन मिनिटं पुरतात. ब्रश हाताच्या संदर्भात त्याच दिशेनं फिरला पाहिजे: आभासी हातावर मनगटाकडून बोटांकडे, तर खऱ्या हातावरही तसाच. लय ठरावीक ठेवू नका. कधी एक लांब फटकारा, कधी दोन टिचक्या, मध्ये थोडं थांबणं. घड्याळाच्या ठोक्यासारखी लय असली की दोन गोष्टी योगायोगानंही जुळल्या असं वाटू शकतं. अनियमित लय जुळली तर संशयाला जागा राहत नाही.

पुढच्या हातावर ब्रश सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर वेगानं फिरवा. केस असलेल्या त्वचेतले हळुवार स्पर्श टिपणारे मज्जातंतू सेकंदाला १ ते १० सेंटिमीटरच्या वेगाला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, आणि असा संथ स्पर्श भास वाढवतो असंही आढळलं आहे.

वस्तू हाताळायच्या असतील तर आभासी हात वस्तूत घुसू देऊ नका. पृष्ठभागावर थांबवा, खरा हात एक-दोन सेंटिमीटर आत गेला तरी. डोळे जे दाखवतात त्यावर आपण तेवढा विश्वास ठेवतो. आणि एखाद्या वस्तूला स्पर्श देणार असाल तर तो चित्राशी जुळणारा द्या. स्पर्श बारकाव्याचा आणि चित्र ढोबळ अशी जोडी साध्या कंपनापेक्षाही खोटी वाटू शकते.

## टप्पा ८: तुलना केल्याशिवाय निष्कर्ष नको

‘हात तुमचा वाटला का?’ असं विचारलं की भलेपणानं ‘हो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. म्हणून:

तोच स्पर्श, तेवढाच वेळ, पण अर्धा ते एक सेकंद उशिरानं, अशी दुसरी फेरी घ्या. कोणती फेरी आधी हे व्यक्तीगणिक बदला. प्रश्नावलीत भासाशी संबंध नसलेली विधानंही मिसळा. बॉटविनिक-कोहेन यांच्या नऊ विधानांतली तीनच भासाबद्दल आहेत, ते उगाच नाही. टॅबिथा पेक आणि मार गोन्झालेझ-फ्रँको यांची १६ विधानांची प्रश्नावली २०२१ पासून उपलब्ध आहे. स्वतःची नवी रचण्याआधी ती पाहा. तरीही सूचनेला चटकन भुलणारी माणसं दोन्ही फेऱ्यांत फरक दाखवू शकतात, हे ध्यानात असू द्या.

जागेचं सरकणं मोजताना चित्र पूर्ण काळं करा, एक मोजपट्टी दाखवा आणि तर्जनी कोणत्या आकड्याखाली आहे ते विचारा. मोजपट्टी दर वेळी थोडी इकडेतिकडे हलवा, नाहीतर सहभागी आकडा पाठ करतो. स्पर्शाआधी एकदा आणि नंतर एकदा. पण केवळ या आकड्यावरून आपलेपणा सिद्ध झाला असं म्हणू नका. मारिएके रोहडे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की वेळेवर जुळणारा स्पर्श नसतानाही हाताची जागा सरकल्यासारखी वाटते.

सावध: आभासी हातावर सुरी उगारून त्वचेची विद्युतवाहकता (दचकल्यावर घामामुळे ती वाढते) मोजण्याची हौस अनेकांना असते. करायचंच तर आधी स्पष्ट सांगून संमती घ्या, सगळ्यात शेवटी करा आणि एकदाच. दुसऱ्या वेळी दचकणं कमी झालेलं असतं आणि आकडा फुकट जातो. इलेक्ट्रोड दुसऱ्या, स्थिर हातावर लावा आणि प्रतिसाद यायला एक ते काही सेकंद लागतात हे धरून चाला. हृदयविकार किंवा तीव्र भीतीचा त्रास असलेल्यांवर हा प्रकार अजिबात नको.

## टप्पा ९: बाहेर काढताना

हेडसेट झटकन ओढून काढू नका. आधी आभासी हात हळू हळू पुसट करा, मग सहभागीला मूठ उघडायला-मिटायला सांगा. हेडसेट काढल्यावर स्वतःच्या हाताकडे पाहत टेबल चाचपू द्या. काहींना हात काही क्षण बधिर किंवा परका वाटतो. तो पूर्ववत झाला असं ते स्वतः सांगेपर्यंत त्यांना उभं राहू देऊ नका. प्रश्नावली मात्र याच्या आधी, हेडसेटच्या आतच भरून घ्या, कारण खरा हात दिसला की काही सेकंदांतच आठवण बदलायला लागते. मग ब्रश आणि हातमोजा पुसा, पुढच्या व्यक्तीसाठी भिंगांमधलं अंतर नव्यानं लावा.